एसएनसीयू की एनआयसीयू? आधी फोनवरचं बोलणं ऐका

“ताई, शहरातल्या एनआयसीयूत मुलाखत झाली, घेतायत. आणि एनएचएमच्या यादीत एसएनसीयूलाही नाव लागलंय. कुठे जाऊ?” हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. एनआयसीयू म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, एसएनसीयू म्हणजे सरकारी रुग्णालयातला आजारी नवजात बाळांचा विशेष कक्ष, आणि एनएचएम म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियान. मी दोन्हीकडे काम केलंय. नाशिक शहरातल्या एका खासगी लेव्हल थ्री, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीच्या, एनआयसीयूत साडेचार वर्षं, आणि आता जिल्ह्यातल्या एका सरकारी एसएनसीयूत हे सहावं वर्ष. दोन्ही ठिकाणांची नावं घेत नाही, कारण मला जे सांगायचंय ते त्या दोन इमारतींपुरतं नाही. वॉर्मर, सीपॅप, सिरिंज पंप अशा यंत्रांची यादीही करत नाही. हे वाचणाऱ्या बहुतेक सिस्टर आणि ब्रदर रोज त्यावरच काम करतात.

कागदावरची वाटणी सरळ आहे. रुग्णालयात नवजात बाळांची काळजी कशी घ्यायची याच्या २०११ च्या सरकारी (एफबीएनसी) मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बाळंतपण होतं तिथे न्यूबॉर्न कॉर्नर, त्याच्या वर एनबीएसयू, म्हणजे नवजात बाळांचा चार खाटांचा छोटा कक्ष, जिल्हा रुग्णालयात किमान बारा खाटांचं एसएनसीयू. १८०० ग्रॅमच्या आतलं किंवा ३४ आठवड्यांच्या आधीचं बाळ एसएनसीयूत भरती होतं. १२०० च्या आतलं, व्हेंटिलेटर लागणारं किंवा ऑपरेशनचं बाळ एनआयसीयूकडे जातं. ही सगळी वाटणी बाळाच्या गरजेची आहे. ती सिस्टरच्या कपाळावर कधी चिकटली, कुणास ठाऊक.

एनआयसीयूचं चांगलं आधी सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. हात तिथे तयार होतो. सहाशे-सातशे ग्रॅमच्या बाळाची कातडी ओल्या पापुद्र्यासारखी असते. त्यावरची पट्टी कशी सोडवायची, लाइन टाकताना बाळाला कमीत कमी कसं हलवायचं, अलार्म वाजला की आधी मशीनकडे न बघता बाळाच्या छातीकडे बघायचं, हे मला तिथल्या सीनियर सिस्टरांनी शिकवलं. नळी सरकली का, अडकली का, फुप्फुसाबाहेर हवा गेली का, की मशीनच बिघडलं, हा क्रम आजही झोपेतून उठवून विचारलात तरी सांगेन. परदेशात जायचं मनात असेल तर अनुभवाच्या दाखल्यावर लेव्हल थ्री लिहिलेलं उपयोगी पडतं. पगाराचं मात्र युनिटप्रमाणे बदलतं, त्यावर मी काही सांगणं बरोबर नाही.

एसएनसीयूत डोळा तयार होतो. तिथे धमनीतली आर्टरी लाइन नाही, दर तासाला रक्ताचा गॅस रिपोर्ट नाही. तुमच्यापाशी काय असतं, तर छातीच्या हाडावर बोट दाबून रंग परत यायला किती सेकंद लागले ते, पोटाभोवतीची टेप, आणि काल रात्री हे बाळ कसं पडलं होतं याची आठवण. थंडीत पेपरात निफाडच्या पाऱ्याची बातमी आली की आम्हाला कळतं, आज पेठ-सुरगाण्याकडून गार पडलेली बाळं येणार. अशा बाळाला थर्मामीटर लावायच्या आधीच हात जातो. पोट कोमट आणि तळपाय गार असतील तर बाळ थंडीशी झगडतंय. दोन्ही गार असतील तर उशीर झालाय.

आणि एसएनसीयूत आई असते. माझ्या एनआयसीयूत ती काचेपलीकडे होती, ठरलेल्या वेळी यायची आणि डॉक्टरांशी बोलून जायची. इथे ती चोवीस तास माझ्या आसपास आहे. दूध पिळून काढताना रडते, केएमसीच्या (कांगारू मदर केअर, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवायच्या) खुर्चीत बसल्या बसल्या झोपून जाते, बाळाचं वजन वीस ग्रॅमनं वाढलं की सासूला फोन लावते. पहिल्यांदा पलाडाई, म्हणजे दूध पाजायची चोचीची वाटी, हातात दिली तेव्हा एक आजी म्हणाल्या, “अगं, हे तर आपलं बोंडलं!” त्या दिवसापासून मी शिकवताना बोंडलंच म्हणते, आया पटकन शिकतात. केएमसी १९७८ मध्ये बोगोटात सुरू झाली ती मुळात इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तीच पद्धत जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करा असं सांगितलं. सोय नाही म्हणून आपण जे करतो, ते कमीच असतं असं नाही.

एसएनसीयूतले त्रासही लपवत नाही. नियमानं एका सिस्टरमागे तीन-चार बाळं, पण रात्री मी एकटीनं त्याच्या दुपटीहून जास्त सांभाळलेली आहेत. एका वॉर्मरवर दोन बाळं ठेवावी लागतात तेव्हा जीव खालीवर होतो. कंत्राट अकरा महिन्यांचं. हे सगळं खरं आहे, आणि नुसतं एवढंच तराजूत घातलं तर पारडं एनआयसीयूकडे झुकेल.

माझं पारडं दुसऱ्याच गोष्टीनं झुकलं.

एका जानेवारीतली रात्र. आमच्याकडे १३५० ग्रॅमचं, सहाव्या दिवसाचं बाळ होतं. दोन दिवस दूध छान पचत होतं. नऊच्या फीडला नळीतून हिरवट पाणी आलं, पोट दोन सेंटिमीटरनं वाढलेलं, अंगावर जाळीसारखे डाग, दोनदा श्वास थांबला. डॉक्टरांनी बघितलं आणि वर पाठवायचं ठरवलं. मी सगळं क्रमानं लिहून काढलं: दूध कधी बंद केलं, पोटाचं माप किती वाजता किती, अँटिबायोटिकचा पहिला डोस कधी, श्वास थांबू नये म्हणून अमिनोफायलिनचा लोडिंग डोस, म्हणजे पहिला मोठा डोस, साडेदहाला. शिवाय एक गोष्ट, जी कुठल्याच छापील फॉर्मवर नसते: या बाळाची मान जराशी पुढे झुकली की श्वास थांबतो, खांद्याखाली छोटी घडी ठेवली की थांबत नाही. ते शोधायला मला दीड तास लागला होता.

फोन लावला. तिकडून उत्तर आलं, “सिस्टर, डॉक्टरांना द्या.” डॉक्टर सिझरला उभे होते. “मग ते मोकळे झाले की करा.” फोन ठेवला.

शेवटी डॉक्टर बोलले, १०८ आली, आणि त्या रात्री बाळासोबत मीही गेले. तिथल्या सिस्टरनं माझा कागद घेतला, चार घड्या घालून मॉनिटरखाली सरकवला आणि माझ्यादेखत सहकारी मुलीला म्हणाली, “पेरिफेरीचं आहे, सगळं पहिल्यापासून करू.” त्या ‘सगळ्या’त अमिनोफायलिनचा लोडिंग डोसही होता. सिरिंज भरली जात होती. मी दारातूनच मोठ्यानं म्हणाले, “साडेदहाला गेलंय ते, कागदावर आहे.” मग तो कागद मॉनिटरखालून बाहेर आला. दुसरा लोडिंग डोस गेला असता तर त्या एवढ्याशा काळजाचे ठोके कुठे गेले असते, हे तुम्हाला सांगायला नको.

न्यायानं बोलायचं तर त्याच सिस्टरनं पुढच्या वीस मिनिटांत जे केलं ते मला जमलं नसतं. नळी टाकायची तयारी, लाइन, व्हेंटिलेटर, हात कुठे अडखळला नाही. बाळ वाचलं ते त्या युनिटमुळे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मला लागलं ते वेगळंच. ज्या हातांना एवढं येतं, त्यांना माझ्या कागदावर काही असू शकेल असं वाटलंच नाही. आणि गाडीतून परत येताना दुसरी गोष्ट आठवली, ती जास्त लागली. साडेचार वर्षं मीही असे कागद घडी घालून ठेवले होते. “बाहेरचं बाळ आलंय,” मीही म्हणत होते.

तेच बाळ सत्ताविसाव्या दिवशी आमच्याकडे वजन वाढवायला परत आलं. सोबतच्या कागदावर दोन ओळी, फीड चालू ठेवा वगैरे. आरओपीसाठी, म्हणजे वेळेआधी जन्मलेल्या बाळांना होणाऱ्या डोळ्यांच्या पडद्याच्या आजारासाठी, डोळे तपासले की नाही, याचा उल्लेखच नाही. ३४ आठवड्यांच्या आधीच्या बाळाचे डोळे तीस दिवसांच्या आत बघायचे असतात आणि आमच्या हातात तीन दिवस होते. तीन फोन केले, फाइल रेकॉर्डला गेली होती. आम्ही धावपळ करून नेत्रतज्ज्ञांची वेळ घेतली. वरून खाली येणाऱ्या बाळाला ‘आता काय, फक्त वाढवायचंय’ म्हणून पाठवलं की असं होतं. त्या वाढवण्यातच ऑक्सिजन ९८ दिसला म्हणून खूश न होता तो ९० ते ९५ मध्ये आणून ठेवणं असतं, आणि बाळाचे डोळे त्यावर अवलंबून असतात.

हे एकाच दिशेनं चालतं असंही नाही. आमच्याकडे एनआयसीयूतल्यांना ‘मशीनवाल्या’ म्हणतात, ‘आई कशी दिसते ते तरी माहीत आहे का त्यांना’ असं बोलतात. एनबीएसयूच्या सिस्टरचा फोन आला की आमच्यातल्याही काहींचा आवाज चढतो. आणि ती सिस्टर कदाचित आशाताईचं ऐकत नसेल. मडक्यांची उतरंडच ती, मात्र सगळा भार खालच्या मडक्यावर. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच बायकांना शिकवलं. त्या घरी जाऊन नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखत होत्या, जेंटामायसिनचं इंजेक्शन देत होत्या, आणि १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या त्या अभ्यासात नवजात मृत्यू जवळपास ६२ टक्क्यांनी घटले होते. त्यातल्या एखादीनं ‘बाळ बरं दिसत नाही’ म्हटलं असतं तर मी तरी हातातलं काम टाकून ऐकलं असतं.

आता निवडीचं. हात शिकायचा असेल, दोन-तीन वर्षांत बाहेर जायचं असेल, तर एनआयसीयू घ्या, मी अडवणार नाही. पण एकाच ठिकाणी चिकटायचा विचार असेल, तर माझं मत थोडं एसएनसीयूकडे आहे. कदाचित माझा अनुभवच तसा आला असेल. शहरात अशीही युनिट आहेत जिथून दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवणाऱ्या सिस्टरला फोन येतो, “तुमचं बाळ स्थिर आहे, घडीची युक्ती चालू ठेवलीय.” तसं युनिट मिळालं तर माझं सगळं म्हणणं बाजूला ठेवा. पण मला त्या साडेचार वर्षांत असा फोन कुणी करताना दिसलं नाही, आणि मीही केला नाही. एसएनसीयूत आल्यावर पहिल्याच आठवड्यात आमच्या इन्चार्ज सिस्टरनं एनबीएसयूच्या सिस्टरला फोन लावून विचारलं होतं, “तुम्ही बघितलंत तेव्हा रंग कसा होता?” आणि उत्तर केसपेपरवर लिहून घेतलं होतं. मी तिथेच थांबले.

म्हणून मुलाखतीला जाल तेव्हा एक विनंती करा. रात्री आठच्या ड्युटीबदलाच्या वेळी अर्धा तास युनिटमध्ये उभं राहू द्या म्हणावं. नकार मिळाला तरी काही बिघडत नाही. परवानगी मिळाली तर बेड किती, व्हेंटिलेटर कुठल्या कंपनीचे, हे बघत बसू नका. बाहेरून फोन येतो का बघा, आला तर कोण उचलतं, पेन हातात असतं का, आणि सोबत आलेला कागद कुठे ठेवला जातो ते बघा.

माझं कंत्राट पुढच्या महिन्यात संपतंय. शहरातल्या एका एनआयसीयूतून विचारणाही आली होती. मी नूतनीकरणाचा अर्ज परवाच देऊन आले.