ओल आलेला फ्लॅट विकायचाय: झाकावं, दुरुस्त करावं की सांगून टाकावं?

पंचवीस-तीस वर्षं जुन्या इमारतीतला वरच्या मजल्याचा फ्लॅट विकायला काढणारा मालक आम्हा एजंटांना पहिला प्रश्न विचारतो तो "किती येतील?" उत्तर देण्याआधी छताकडे बघणारा एजंट निवडा. तिघांना बोलावलंत आणि एकाने बाकीच्यांपेक्षा दहा लाख जास्त सांगितले, तर त्याला फक्त काम हातात घ्यायचंय. दोन महिन्यांनी तोच "मार्केट थंड आहे, थोडं खाली या" म्हणून फोन करतो. तोवर तुमच्या फ्लॅटचे फोटो सगळीकडे फिरून झालेले असतात आणि "अजून विकला गेला नाही म्हणजे काहीतरी असणार" ही कुजबुज सुरू होते.

खोड असलेल्या घराला तीन वाटा असतात.

पहिली झाकायची. खर्च सगळ्यात कमी: पुट्टी, दोन हात रंग, फार तर छताखाली पीओपी. जानेवारी ते मे हे खपूनही जातं. पण घर बघायला येणारं जोडपं एकटं येत नाही. बरोबर एखादे मामा असतात आणि त्यांना गॅलरीतल्या व्ह्यूत रस नसतो. ते बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला तळाशी हात लावतात, कपाटामागे डोकावतात, खिडकीखालचा कोपरा नखाने टोकरून बघतात. घरभर रंग पिवळट आणि एकच भिंत ताजी दिसली की त्यांना पुढे काही विचारायची गरजच उरत नाही.

कायदाही बघा. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला पण घेणाऱ्याला नेहमीची काळजी घेऊनही सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगायलाच हवा. दडवला तर कायदा त्याला फसवणूक समजतो. आता गंमत अशी, की उघडी ओल घेणाऱ्याला आपोआप दिसली असती. तुम्ही तिच्यावर पुट्टी ओढलीत की ती न सापडणारी होते आणि सांगायची जबाबदारी तुमच्यावर येऊन पडते. ही वाट मी कुणालाच सुचवत नाही.

दुसरी, दुरुस्त करून विकायची. इथे आधी पाण्याचा उगम शोधा. सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार (म्हणजे नमुना नियमावलीनुसार) पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती सोसायटीच्या खर्चाने, तर घरातल्या संडास-सिंकची गळती त्या सभासदाच्या खर्चाने दुरुस्त होते. म्हणजे गच्ची गळत असेल तर आतून कितीही पैसे ओता, पावसाळ्यात डाग परत हजर. सोसायटीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तो कागद पुढे कामाला येतो.

तुमच्या बाथरूमचं पाणी खालच्या घरात उतरत असेल, तर मात्र विक्रीआधीच फरशी उखडून वॉटरप्रूफिंग करा, नहाणी ट्रॅप बदला. कारण खालच्यांची तक्रार सोसायटीच्या फायलीत पडलेली असते आणि घेणारा चौकशीला गेला की सेक्रेटरी आधी तेच सांगतात. मेंटेनन्सची थकबाकीही याच रांगेत. याउलट विकायचं म्हणून नवं मॉड्युलर किचन बसवू नका. घेणारा आला की पहिला हातोडा त्यावरच पडतो.

(इमारत नवी असून ताबा मिळाल्याला ५ वर्षं झाली नसतील, तर बांधकामातला दोष बिल्डरने विनामोबदला दुरुस्त करून द्यायचा असतो. बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या रेरा कायद्यात तशी तरतूद आहे. आधी त्याला पत्र टाका.)

तिसरी, सांगून विकायची. जुन्या रिसेल फ्लॅटसाठी माझं मत हिच्याच बाजूने, पण "थोडी ओल आहे हं" इतकं पुटपुटणं म्हणजे सांगणं नव्हे. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाहणी करून घ्या, दोन ठेकेदारांची अंदाजपत्रकं घ्या आणि पहिल्याच भेटीत समोर ठेवा. घेणाऱ्याला किती खर्च येईल ते ठाऊक नसतं, म्हणून दोन लाखांच्या कामासाठी तो पाच लाख कापून मागतो. लेखी आकडा समोर असला की घासाघीस त्या आकड्याभोवती होते. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर उपविधींप्रमाणे दर ५ वर्षांनी, त्याहून जुनी असेल तर दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, व्हायला हवं. त्याची प्रत मागून ठेवा, हल्ली बँकाही विचारतात.

या वाटेवर एक खड्डा आहे आणि तो बऱ्याच एजंटांना माहीत नसतो. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरचा दर (सरकारने त्या भागासाठी ठरवलेला भाव) यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागतं. भाव पाडता पाडता तुम्ही सरकारी मूल्याच्या फार खाली गेलात, फरक १० टक्क्यांची सवलतही ओलांडून गेला, तर आयकरासाठी तुमचा भांडवली नफा सरकारी मूल्यावर मोजला जातो आणि तो फरक घेणाऱ्याचंही उत्पन्न धरला जाऊ शकतो. खरी किंमतच कमी आहे असा दावा करून खात्याच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण नेता येतं. तिथे इंजिनिअरचा अहवाल उपयोगी पडतो. सौद्याआधी सीएला विचारा.

बघून गेलेल्यांचंही ऐका. "घरच्यांना नाही आवडलं" हे सौजन्य झालं. एजंटला सांगा, त्यांना पुन्हा फोन करून एवढंच विचार: "कितीला मिळालं असतं तर घेतलं असतं?" कुणी आकडा सांगितला तर प्रश्न किमतीचा आहे. "फुकट दिलं तरी नको" म्हणाले तर बहुतेक कागदाचा: भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) नाही, वारसाची सही राहिलीय, इमारत धोकादायक यादीत गेलीय. असं असेल तर रंग, दुरुस्ती, सूट सगळं बाजूला ठेवून आधी वकील गाठा.

हातात वेळ आहे आणि सोसायटी गच्चीचं काम काढणार आहे? मग एक पावसाळा थांबा आणि कोरडं छत दाखवून विका. मुलाच्या फीसाठी किंवा दुसऱ्या घराच्या हप्त्यासाठी घाई असेल तर अहवाल दाखवून आजच विका. दोन्हीकडे विसार घेतानाच दोषांची यादी खोलीनिहाय लिहून त्यावर घेणाऱ्याची सही घ्या आणि तीच यादी करारनाम्याला जोडा. "जसं आहे तसं" एवढ्या तीन शब्दांवर विसंबू नका.