जमीन आरोग्य पत्रिका: प्रयोगबागेला पुरते का?

कॉलेजच्या गावात प्राध्यापक आणि शेतकरी मिळून कृषी मंडळ काढतात. सात सभासद जमले की १८६०च्या कायद्याखाली संस्था नोंदवता येते, वाणांच्या चाचण्या घ्यायला प्रयोगबाग म्हणून कॉलेज वीसेक गुंठे देतं आणि पहिल्याच सभेत कोणीतरी म्हणतं, ‘माती काय, सरकारी कार्ड आहेच की!’ हे कार्ड, म्हणजे जमीन आरोग्य पत्रिका, नेहमीच्या शेताला चांगलं आहे. प्रयोगबागेला मात्र अर्धंच पुरतं.

योजना फेब्रुवारी २०१५मध्ये सुरू झाली. कार्डावर १२ आकडे मिळतात: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगनीज) आणि बोरॉन. एवढं खासगीत करून घ्यायचं तर खिशाला चाट बसते, म्हणून याचं मोल मोठं. पण मूळ आखणीत नमुना बागायतीत अडीच हेक्टरांच्या आणि जिरायतीत दहा हेक्टरांच्या चौकोनामागे एक घ्यायचा होता. शेजारच्या काळ्या रानाचा आकडा तुमच्या मुरमाड तुकड्याच्या नावावर चढू शकतो. तेव्हा जुनं कार्ड बाजूला ठेवा आणि आपल्या तुकड्याचा नमुना स्वतः काढून द्या. वीस गुंठ्यांचे चार भाग पाडा, चार पिशव्या करा.

घोळ नमुन्यातच होतो. बांध, उकिरडा, झाडाखालची आणि पाण्याच्या पाटालगतची जागा सोडा. प्रत्येक भागात नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी वरचा काडीकचरा बाजूला करा, इंग्रजी व्ही आकाराचा १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या एका बाजूची बोटभर जाडीची खाप वरपासून खालपर्यंत तासून काढा. सगळी माती एकत्र मिसळा, ढिगाचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. माती सावलीत वाळवा, कापडी पिशवीत भरा. युरियाची रिकामी गोणी वापरली की नत्राचा आकडा गेलाच. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत माती कालवली तर जस्त ‘भरपूर’ दिसतं. फळझाडं लावायची असतील तर ०–३०, ३०–६० आणि ६०–९० सेंटिमीटर अशा तीन थरांचे नमुने वेगळे घ्या. मुळं खाली जातात, वरच्या वितीवर थांबत नाहीत.

आता खरी उणीव. त्या १२ आकड्यांत चुनखडी नाही. देशावरच्या चुनखडीच्या रानात कार्ड लोह ‘पुरेसं’ म्हणतं (४.५ पीपीएमच्या, म्हणजे दशलक्ष भागांत साडेचार भागांच्या, वर), आणि मोसंबीची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. लोह जमिनीत असतं, पण चुन्यामुळे झाडाला घेता येत नाही. अशा रानात हिराकस (फेरस सल्फेट) नुसता जमिनीत टाकून उपयोग नाही, तिथेच तो अडकून बसतो. ईडीटीए चिलेटही (चिलेट म्हणजे लोहाला धरून ठेवणारं खत) चढ्या सामूत टिकत नाही. हिराकसाची पानांवर फवारणी किंवा ईडीडीएचए चिलेट चालतं. वेळीच कळायचं तर लागवडीपूर्वी ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. जोरात फसफसलं तर मुक्त चुन्याची वेगळी तपासणी सांगा. कॉलेजच्या रसायनशाळेत हे आम्ल असतंच.

खताची शिफारस हेक्टरी किलोत असते, आणि इथे बरेच जण गडबडतात. गुंठा म्हणजे ढोबळमानाने हेक्टरचा शंभरावा भाग. हेक्टरी १०० किलो नत्र म्हणजे गुंठ्याला १ किलो नत्र. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणून गुंठ्याला साधारण २.२ किलो युरिया. तो एकदम ओतू नका, हप्ते पाडा.

कार्ड आलं म्हणून लगेच वाणांच्या चाचण्या मांडू नयेत. आधी एक हंगाम सगळ्या वीस गुंठ्यांत एकच वाण, एकाच दिवशी, बिनखताची ज्वारी पेरा. जिथे ताटं बुटकी राहतील तो पट्टा नकाशावर नोंदवा. पुढचे गट (एका गटात प्रत्येक वाणाचा एक वाफा) जमिनीतल्या त्या बदलाच्या दिशेला आडवे पाडा, म्हणजे एका गटातली जमीन शक्य तितकी सारखी राहील. प्रत्येक वाण निदान तीन गटांत यायला हवा. अशी उंच-बुटकी ताटं कार्डावर दिसत नाहीत.

नमुने एप्रिलमध्येच द्या. पेरणीच्या तोंडावर दिले तर कार्ड पेरणीनंतर येतं आणि कॉलेजच्या कपाटात पडून राहतं.

आमचे गुण: शेताला पाचांपैकी चार, प्रयोगबागेला अडीच.