युद्ध स्क्रीनवरचं की टेबलावरचं?

युद्धाचे खेळ दोन तऱ्हेचे: संगणकावरचे आणि टेबलावर छोटे रंगवलेले शिपाई मांडून, फासे टाकून खेळायचे. खेळतो दोन्ही, पण माझा कौल टेबलाला. संगणक हिशेब चोख ठेवतो: दारूगोळा, थकवा, टेकडीआड दडलेला शत्रू. टेबलावर समोरच्याची अख्खी फौज उघडी दिसते. ती लपवायची तर पंच हवा, जसा १८२४ च्या क्रीगश्पील या प्रशियन लष्करी युद्धखेळात असे. शिवाय जागा, पैसा, जोडीदार, सगळ्याचीच बोंब.

तरी २८ मिलिमीटरच्या फ्रेंच शिपायाला आधी प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर), मग निळा कोट, शेवटी पातळ काळपट वॉश दिला, की कोटाच्या घड्यांत रंग मुरतो आणि गडी जिवंत होतो. ते सुख स्क्रीनवर कुठलं? फासे दगा देतात तेव्हा समोरचा मित्र खदाखदा हसतो. संगणकाकडून हरलो की आपण गुपचूप जुना सेव्ह लोड करतो (सगळेच करतात!). रात्री अकराला एकट्याने वॉटर्लू लढायचं असेल, तर मात्र संगणकच बरा.