टिप्स: सायकोसिसचा उपचार लवकर सुरू करणाऱ्या सेवेचं परीक्षण

कुणालाच ऐकू न येणारे आवाज ऐकू येणं, शेजारीपाजारी पाळत ठेवून आहेत याची पक्की खात्री होणं, अशी सायकोसिसची, म्हणजे वास्तवाचं भान सुटणाऱ्या मानसिक आजाराची, लक्षणं सुरू झाल्यापासून योग्य उपचार मिळेपर्यंत जो काळ वाया जातो, तो कमी करणं हेच 'टिप्स' या नॉर्वेतल्या सेवेचं काम. नॉर्वेच्या रोगालँड परगण्यात १९९३-९४ मध्ये या काळाचा मध्यक (निम्म्या पेशंटना ज्याहून कमी आणि निम्म्यांना ज्याहून जास्त वेळ लागला तो आकडा) २६ आठवडे होता. १९९७ ते २००० मध्ये 'टिप्स' चालू असताना तो ५ वर आला. तुलनेसाठी घेतलेल्या ओस्लोतल्या उल्लेव्हाल आणि डेन्मार्कमधल्या रोस्किल्ड भागांत तो १६ होता. औषधं, समुपदेशन, कुटुंबांसाठीचे गट हे सगळीकडे सारखंच होतं. फरक फक्त पेशंट दारापर्यंत कसा पोहोचला यात होता.

सेवेचे भाग दोनच. पहिला म्हणजे प्रचार: वर्तमानपत्रं, रेडिओ आणि सिनेमागृहांतल्या जाहिराती, घरोघरी पत्रकं, शिवाय शिक्षक आणि फॅमिली डॉक्टरांसाठी माहिती. दुसरा म्हणजे शोध-पथक. त्याला पेशंट, आई-वडील किंवा शिक्षक, कुणीही थेट फोन करू शकत होतं, डॉक्टरची चिठ्ठी लागत नव्हती. शंका रास्त वाटली की २४ तासांत तपासणी, आणि तीही हव्या त्या ठिकाणी: घरी किंवा शाळेत.

या रचनेचं मर्म विलंबाचे टप्पे वेगळे केले की कळतं. घरच्यांना लक्षण ओळखायला लागणारा वेळ, पहिल्या डॉक्टरकडून योग्य तज्ज्ञाकडे जायला लागणारा वेळ आणि तज्ज्ञाकडच्या प्रतीक्षायादीतला वेळ. प्रचार पहिला टप्पा आखडतो, पथक दुसरा आणि तिसरा. नुसत्या फॅमिली डॉक्टरांना प्रशिक्षण देण्याचा प्रयोग बर्मिंगहॅममध्ये झाला, त्यातून विलंब कमी झाला नाही. डॉक्टर शिकला तरी पेशंट त्याच्याकडे आलाच नाही तर काय उपयोग? इंग्लंडमध्ये २०१६ पासून दोन आठवड्यांत उपचार सुरू करण्याचं मानक आहे. ते चांगलंच आहे, पण त्याचं घड्याळ रेफरल, म्हणजे पेशंटला तज्ज्ञ सेवेकडे पाठवल्याची नोंद, मिळाल्यावर सुरू होतं. घरात गेलेले महिने त्यात मोजलेच जात नाहीत.

आता उणे बाजू. जाहिराती बंद झाल्यावर पथक चालू असूनही मध्यक ५ वरून १५ आठवड्यांवर गेला. म्हणजे प्रचार हा एकदाच करायचा खर्च नाही, दर वर्षीच्या अंदाजपत्रकात धरायचा खर्च आहे. दुसरं, मध्यकावर फार विसंबू नये. १९९३-९४ च्या त्याच गटात मध्यक २६ असताना सरासरी ११४ आठवडे होती, कारण काही जण वर्षानुवर्षं उपचाराविना राहिले होते. चटकन येणारे आणखी चटकन येऊ लागले की मध्यक छान दिसतो, मागे राहिलेले तसेच राहतात. दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचावेत.

दहा वर्षांनंतर 'टिप्स'च्या भागातले ३०.७ टक्के लोक बरे झालेले आढळले, तुलनेच्या भागांत १५.१ टक्के. फरक मोठा आहे, पण सुरुवातीच्या २८१ पैकी १७४ जणच शेवटपर्यंत निरीक्षणात राहिले, आणि पेशंटची वाटणी चिठ्ठ्या टाकून नव्हे, भागानुसार झाली होती. त्यामुळे हा पुरावा आश्वासक म्हणावा, निर्विवाद नाही.

या सेवेची नक्कल करणाऱ्यांनी प्रत्येक पेशंटच्या तीन तारखा नोंदवाव्यात: लक्षणं आठवडाभर टिकली ती, पहिल्यांदा कुणाकडे तरी मदत मागितली ती आणि उपचार सुरू झाला ती. सुरुवात घरच्यांनाही धूसरच आठवते, म्हणून "परीक्षेच्या आधी की नंतर?" असं विचारलेलं बरं. फोनवर झोप, कॉलेजला किंवा कामावर जाणं, आवाज, संशय आणि नशा यांविषयी विचारावं. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याची भीती असेल तर २४ तासही थांबू नये, थेट आपत्कालीन विभागात पाठवावं.

अनेक फोन सायकोसिसचे निघणार नाहीत: नैराश्य, चिंता, घरातली भांडणं. त्यांना पुढे कुठे पाठवायचं हे पहिली जाहिरात छापण्यापूर्वी ठरलेलं असावं, नाहीतर महिन्याभरात पथकाचीच प्रतीक्षायादी तयार होते.