आठ महिने सिम्युलेटरवर इलेक्ट्रॉनिक्स शिकवल्यावर

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक ट्रेडला निदेशक आहे. तुकडी 24 जणांची आणि चालू अवस्थेतला सीआरओ, म्हणजे व्होल्टेजची वेव्ह पडद्यावर दाखवणारं यंत्र, एक. एवढं सांगितलं की बाकीच्या निदेशकांना पुढचं न सांगता कळेल. ऑगस्टपासून पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी मी फेट, फालस्टॅडचा सर्किट सिम्युलेटर आणि टिंकरकॅड ही तीन फुकटातली साधनं वापरतोय, थोडी प्रोजेक्टरवर, बरीचशी मुलांच्या मोबाइलवर.

त्याआधी आमच्याकडे एक विकतचं पॅकेज होतं. नाव घेत नाही. खोक्यावर 'इंटरॅक्टिव्ह' छापलेलं होतं, पण आत एक बाई गोड इंग्रजीत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) समजावून सांगायच्या आणि मुलं 'नेक्स्ट' दाबत बसायची. ते चालवायला संगणकाला डाँगल, म्हणजे किल्लीसारखं छोटं उपकरण, लावावं लागायचं. डाँगल कपाटात, आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर.

फेट त्या मानाने फारच सुटसुटीत. कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वायमन यांनी 2002 मध्ये हा प्रकल्प सुरू केला. आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. म्हणून असेल, सर्किटच्या किटमध्ये ओहमचा नियम चोख आहे, पण डायोड शोधायला गेलात तर मिळणार नाही. सिम्युलेशनची फाइल एकदा उतरवून मुलांच्या मोबाइलवर टाकली की नेट लागत नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये रेंज फक्त खिडकीपाशी येते, तेव्हा हा मुद्दा माझ्यासाठी सगळ्यात मोठा. सीरिज-पॅरलल, व्होल्टमीटर कुठे लावायचा, अमीटर कुठे, एवढं या किटवर आठवडाभरात बसतं. पूर्वी त्या पायी मल्टिमीटरचे फ्यूज डझनाने जायचे.

डायोड आला की फालस्टॅड. आणि इथे मी तोंडावर आपटलो. फेटमध्ये निळे इलेक्ट्रॉन बॅटरीच्या मायनसकडून निघून प्लसकडे जातात. फालस्टॅडमध्ये पिवळे ठिपके प्लसकडून मायनसकडे. दोन्ही बरोबर आहेत, एक इलेक्ट्रॉन दाखवतो, दुसरा रूढ करंट, म्हणजे प्लसकडून मायनसकडे धरायची पुस्तकी दिशा. पण मी ते सांगितलंच नव्हतं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, यातलं खोटं कुठलं?" तो अख्खा तास त्यातच गेला, आणि वर्षातला तोच तास सगळ्यात चांगला झाला. डायोडच्या चिन्हातला बाण कुठल्या करंटचा, हे आता त्यांना पाठ करावं लागत नाही. फेटमध्ये इलेक्ट्रॉनऐवजी रूढ करंटचे बाण दाखवायची सोय आहे, ती मला नंतर सापडली. तोवर वर्गात "फेटचा करंट की फालस्टॅडचा?" हे रुळलं होतं.

रेक्टिफायरच्या (एसीचं डीसी करणाऱ्या सर्किटच्या) जॉबला, म्हणजे प्रात्यक्षिकाला, तर फालस्टॅड म्हणजे चोवीस सीआरओच. दर वर्षी कुणीतरी येतोच, "सर, ट्रान्सफॉर्मर खराब आहे, 12 चा लिहिलाय आणि कपॅसिटरवर सोळाच्या वर दाखवतोय." आता त्याला म्हणतो, मोबाइल काढ. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले 12 व्होल्ट आरएमएस, म्हणजे एक प्रकारची सरासरी, वेव्हचं शिखर जवळजवळ 17, ब्रिजमधल्या (चार डायोडच्या जोडणीतल्या) दोन डायोडचे साधारण 1.4 गेले, उरले साडेपंधरा. कपॅसिटर काढला की वेव्ह शून्याला टेकते, लावला की शिखराजवळ लोंबकळते. ब्रिजमधला एक डायोड काढला की रिपल, म्हणजे डीसीत उरलेला चढउतार, 100 हर्ट्झचा 50 होतो. हे फळ्यावर खडूने मी वर्षानुवर्षं काढलं, मान सगळे हलवायचे. आणि टेबलावर साडेपंधराच्या वर का दाखवतंय? लोड नसताना ट्रान्सफॉर्मर थोडं जास्तच देतो. ते मात्र स्क्रीनवर दिसत नाही, मल्टिमीटरवरच दिसतं.

टिंकरकॅडबद्दल थोडक्यात. ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता सर्किट जोडायची पाटी) हुबेहूब, आर्डुइनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड आहे, मुलांना ईमेल नसला तरी क्लास कोडवर आत घेता येतं. नेट मात्र हवंच. रेझिस्टर न लावता एलईडी जोडला तर त्यावर फुटल्याची चांदणी दिसते. मुलांना ती इतकी आवडली की मुद्दाम फोडायला लागली. माझी खरी तक्रार इथेच आहे. फोडलं, अनडू केलं, पुढे. ही सवय घेऊन एक जण टेबलावर आला आणि 12 व्होल्टला 100 ओहमचा पाव वॉटचा रेझिस्टर थेट लावला. जवळजवळ दीड वॉट. बोटाला फोड आला आणि जळका वास जेवणाच्या सुट्टीपर्यंत गेला नाही. दुसऱ्या दिवसापासून वॉटेजचं गणित न सांगता व्हायला लागलं.

स्क्रीनवर वायर जोडली म्हणजे जोडली. ड्राय सोल्डर, म्हणजे वरून ठीक दिसणारा पण आत न धरलेला जोड, तिथे नसतोच. आमच्या एका मुलीचं 7805 चं (स्थिर पाच व्होल्ट देणाऱ्या आयसीचं) सर्किट सिम्युलेटरवर पहिल्या झटक्यात चाललं, पीसीबीवर आउटपुट शून्य. दोन तास ती डायग्राम तपासत होती, कारण चूक डायग्राममध्येच असते असं तिला आम्हीच शिकवलं होतं. शेवटी पीसीबी उलटा करून दिव्याखाली तिरका धरला. इनपुटच्या पायाभोवती केसाएवढी काळी रेघ. थोडा फ्लक्स, सोल्डरिंग आयर्न टेकवलं, पाच व्होल्ट हजर.

दिवाळीनंतर मी क्रम उलटा केला. आधी सिम्युलेटर आणि मग टेबल असं होतं, तेव्हा निम्म्या मुलांना जॉब झाल्यासारखाच वाटायचा आणि टेबलावर ती आळसायची. आता आधी जॉब, रीडिंग वहीत, आणि जे रीडिंग पटत नाही तेवढ्यापुरता मोबाइल. मोबाइल हातात म्हटल्यावर रील्सही बघतात, त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

खरेदीच्या यादीत यंदा 'मल्टिमीडिया संच' असा रकाना पुन्हा आलाय. मी तिथे रेघ मारून दुसरा सीआरओ आणि 25 वॉटची बारा सोल्डरिंग आयर्न लिहिलीत.