लाकडी होडीचं पहिलं किट: लाकूड झकास, पुस्तिका बोगस

घ्यायचं होतं खरं तर व्हिक्टरी या जुन्या ब्रिटिश युद्धनौकेच्या मॉडेलचं किट. बॉक्सवरचा फोटो बघूनच डोकं फिरतं, १०४ तोफा, तीन डोलकाठ्या आणि दोऱ्यांचं जंगल. पण खऱ्या जहाजाचं काम १७५९ ला सुरू होऊन ते पाण्यात उतरलं १७६५ ला आणि मला भिंतीवरची फ्रेम सरळ लावता येत नाही, तेव्हा गुपचूप एका डोलकाठीची मासेमारी होडी घेतली. १:५० स्केल, तयार झाल्यावर साधारण दीड वीत. बॉक्सवर 'नवशिक्यांसाठी' छापलंय. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही.

आधी चांगलं सांगतो. लेझरने कापलेले भाग सुरेख आहेत, कणा आणि त्यावरचे नऊ बल्कहेड खटाखट बसले (माशाचा मधला काटा आणि त्याला फुटलेले बाजूचे काटे डोळ्यांसमोर आणा, त्यावर पट्ट्यांची कातडी चढवायची). फक्त लेझरने जळून काळी झालेली कड जिथे गोंद लागणार तिथे घासून काढा, नाहीतर सांधा कच्चा राहतो. पहिल्या थराच्या पट्ट्या लाइम लाकडाच्या, ५ मिमी रुंद, दीड मिमी जाड, मऊ आणि सरळ. दुसरा थर अक्रोडाचा, त्यातल्या काही पट्ट्यांना तुसं निघालेली पण जास्तीच्या दिल्यात म्हणून भागलं.

आता पुस्तिका. बारा पानं, त्यात पट्ट्या चढवण्याला एक वाक्य: "पट्ट्या चिकटवा." अरे बाबांनो, हेच तर सगळं काम आहे! त्याच्याही आधी बल्कहेडच्या कडा तिरक्या घासाव्या लागतात, कारण होडी पुढे निमुळती होत जाते आणि कड सरळ ठेवली तर पट्टी नुसती एका टोकावर टेकते. एक लांब पट्टी आडवी धरायची, सगळीकडे नीट टेकते का बघायचं, नाही टेकली की परत घासायचं. मी हे अर्ध्या तासात उरकलं आणि पुढे महिनाभर भोगलं.

दुसरी गोष्ट म्हणजे पट्टी पुढे बारीक करावी लागते. माझ्या होडीच्या पोटाशी एका बाजूला ७५ मिमी घेर भरला, म्हणजे १५ पट्ट्या, पण नाळेजवळ (होडीच्या पुढच्या टोकाशी) तोच घेर ४५ मिमी, तिथे त्याच १५ पट्ट्या बसवायच्या तर प्रत्येक ३ मिमीची झाली पाहिजे. कागदाची चिंधी घेऊन मोजलं की दहा मिनिटांत कळतं. मला कळलं सातव्या पट्टीला, तोवर पुढे एकावर एक चढून त्यांची भांडणं सुरू झाली होती. अर्ध्याहून बारीक करायची वेळ आली तर करू नका, दोन पट्ट्यांच्या जागी पुढे एकच घ्या. आणि एक पट्टी डावीकडे, मग एक उजवीकडे, असंच जा. मी उत्साहात पाच एकाच बाजूला लावल्या आणि कण्याचं धनुष्य झालं, सगळं सोडवून परत केलं.

वाकवायला महागडं यंत्र वगैरे घेऊ नका. पंधरा-वीस मिनिटं गरम पाण्यात भिजवा, वाकवून कपड्यांच्या चिमट्यांनी धरून ठेवा आणि पूर्ण वाळल्यावरच गोंद लावा, ओली चिकटवली तर वाळताना आकसते आणि फट पडते. गोंद पांढराच घ्या. सुपरग्लू झटपट चिकटतो म्हणून मोह होतो पण अक्रोडावर सांडला की तिथे पॉलिश मुरत नाही, माझ्या होडीवर असे तीन डाग आहेत, पाहुणे आले की ती बाजू भिंतीकडे.

दोऱ्या मात्र कंजूसपणे दिल्यात आणि त्या पण केसाळ. मेण चोळल्यावर बऱ्या दिसतात. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या कायमच्या दोऱ्या काळ्या आणि शीड ओढायच्या फिकट, हे पुस्तिकेत आहे, त्याबद्दल आभार.

हत्यारं बॉक्समध्ये एकही नाही. कटर, बारीक कानस, चिमटा, १२० ते ४०० चे पॉलिश पेपर, भरपूर कपड्यांचे चिमटे आणि घासताना मास्क, अक्रोडाची भुकटी नाकात गेली की दिवसभर शिंका.

लाकडाला पाचपैकी साडेचार. पुस्तिकेला एक, तोही चित्रांना. घ्या, पण आधी पट्ट्या चढवायचे दोन-तीन व्हिडिओ बघून मगच बॉक्स उघडा. आणि हो, फोटोत दिसतो तो स्टँड किटमध्ये येत नाही, माझी होडी सध्या दोन मसाल्याच्या डब्यांच्या मध्ये टेकून उभी आहे.