रीपर आणि ओसारा: न बघता रेडिओचं एडिटिंग

मी पूर्ण अंध आहे, कम्युनिटी रेडिओवर शेतीचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम करते. आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर, प्रत्येक ठिकाणी नुसतं ‘बटन, बटन’ म्हणायचं. मुलाखतीतला एक खोकला काढायलाही कुणालातरी शेजारी बसवावं लागे. फार लागायचं ते मनाला.

आता दीड वर्ष रीपर हे आवाजाच्या एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरतेय. नुसतं रीपर पुरत नाही, त्यावर ओसारा हे मोफत एक्स्टेन्शन टाकायलाच हवं. मग वर-खालीच्या बाणांनी ट्रॅकचं नाव, म्यूट आहे का, सगळं ऐकू येतं. खोकल्याआधी थांबून एस दाबायचं, खोकला संपला की पुन्हा एस, मधला तुकडा निवडून डिलीट. रिपल एडिटिंग चालू असेल तर पुढचं बोलणं आपसूक मागे सरकून जुळतं. पण ते एकाच ट्रॅकपुरतं आहे की सगळ्या, हे आधी ऐकून घ्या. माझं बोलणं सरकलं आणि खालचं संगीत जागच्या जागी राहिलं, असं एकदा झालंय. पुन्हा अख्खा भाग जुळवत बसले.

मला सगळ्यात आवडतं ते ओसारातलं पीक वॉचर. आवाज ठरवलेल्या पातळीवर गेला की लगेच सांगतं, मीटर बघायला कुणी लागत नाही.

शिकायला पहिले दोन आठवडे जड जातात. ६० दिवस फुकट वापरून बघता येतं, नंतर सवलतीचा परवाना ६० डॉलरचा. एकच आवाज कापायचा असेल तर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरे. चार ट्रॅक असतील तर मात्र रीपरच घ्या.